मुद्दाम गाळलेले शब्द

९ जुलै

दिवसभर आपल्या भाषेतला एक शब्द तोंडातून निघत नाही. इथलं हे चौथं वर्ष. बायकोशी फोनवर बोलतो तेवढंच, आणि त्यातलंही निम्मं 'ऐकू येतंय का' करण्यात जातं. म्हणून ही वही आणली. मागची पानं वाचायची नाहीत हे आजच ठरवून टाकतो. हरलेली मॅच मी पुन्हा बघत नाही, जिंकलेलीसुद्धा नाही.

आज क्लबची वैद्यकीय तपासणी होती. रक्त, छाती, गुडघे आणि शेवटी डोक्याची परीक्षा. कॉम्प्युटरसमोर बसवतात. एकेक शब्द दिसतो, मग आकृत्या, मग दिवा लागला की बटण दाबायचं, आणि सगळं आटोपल्यावर विचारतात, मघाशी कोणकोणते शब्द होते. पुढे मोसमात कुणाच्या डोक्याला मार लागला की हीच परीक्षा पुन्हा घेतात आणि आजच्या मार्कांशी ताडून बघतात. मार्क घसरले की घरी बसवतात, आठवडा म्हणा, महिना म्हणा. म्हणून आज ती मुद्दाम खराब द्यायची. आजच कमी मिळाले तर पुढे घसरायला जागा उरत नाही. ही युक्ती पहिल्या वर्षी मला बोक्याने शिकवली. बोका म्हणजे आमचा गोलकीपर. माझ्यासारखाच परदेशी, दिवसभर लोळतो आणि मॅचमध्ये झेप घेतो म्हणून मी ठेवलेलं नाव. अर्थ अजून त्याला सांगितलेला नाही.

तर मी सगळे शब्द पाठ असून निम्मे गाळले. खिडकी होती तिथे दरवाजा म्हणालो. दिवा लागला की मनात एक जांभई द्यायचो आणि मग बटण दाबायचो. डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, रात्री झोप झाली नाही का. मी म्हटलं, शाळेतही असाच होतो. त्या हसल्या. काम फत्ते.

यंदा खेळायला मिळालंच पाहिजे. वीस मॅच खेळलो तर करार आपोआप दोन वर्षांनी वाढतो, आणि दोन वर्षांचा करार असला तरच बायको-मुलीला इथे कायम राहायची परवानगी मिळते. नाहीतर पस्तिशीला टेकलेल्या डिफेंडरला दुसऱ्या क्लबात कुत्रंही विचारणार नाही. चिंगी सात वर्षांची झाली. अर्धी मी फोनच्या काचेतून वाढवली.

१७ ऑगस्ट

पहिली मॅच, एक-शून्य जिंकलो. वरून येईल तो चेंडू डोक्याने परत पाठवायचा, हे माझं काम. आज तर त्यांचा गोलकीपर आभाळातून दगड टाकावेत तसे चेंडू टाकत होता. मॅचनंतर नेहमीचं डोकं दुखलं, ते धरायचं नाही.

गंमत म्हणजे ओरडता ओरडता कोचचा खोटा दात तोंडातून उडाला आणि गवतात पडला. लाइन्समन बिचारा झेंड्याने गवत चाचपतोय, आणि इकडे कोच तोंडावर हात धरून तरीही शिव्या घालतोय. चिंगीला फोनवर साग्रसंगीत सांगितलं. हसून हसून तिला उचकी लागली. बायको मागून म्हणाली, झोपायच्या वेळेला हसवू नकोस रे तिला.

२१ सप्टेंबर

काल मॅचमध्ये कॉर्नरवर त्यांच्या स्ट्रायकरचं आणि माझं डोकं एकमेकांवर आपटलं. नारळ फोडल्यासारखा आवाज झाला म्हणे. मला आवाज आठवत नाही. डोळे उघडले तर फिजिओ वाकून विचारतोय, स्कोअर काय आहे, आपण कुणाशी खेळतोय. माझ्या डोक्यात नुसता पांढरा फळा. तेवढ्यात मागून बोक्याने पाण्याची बाटली देता देता कुजबुजून स्कोअर सांगितला. मी तो मोठ्याने म्हटला. फिजिओ गेला आणि मी शेवटपर्यंत खेळलो.

आज सकाळी डॉक्टरबाईंनी परीक्षा घेतली. मार्क जुलैइतकेच, म्हणजे पास! बोका आणि मी बाहेर येऊन एकमेकांना टाळी दिली. अशी शेंडी लावायलाही अक्कल लागते.

५ ऑक्टोबर

पडदे लावून बसलोय. उजेड सहन होत नाही. इथली हवाच बदलती आहे, सर्दी डोक्यात साचली असणार.

चिंगीला कोचच्या खोट्या दाताची गंमत सांगितली. इतके दिवस सांगायची राहूनच गेली होती. खूप हसली. ही पोर हसली की माझा दिवस सार्थकी लागतो.

२ नोव्हेंबर

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन वीस तारखेला ठरलं. दादाने फोन तिच्याकडे दिला. मी विचारलं, भीती वाटते का. ती म्हणाली, भीती कसली, तुझं तोंड नीट दिसेल आता फोनवर. दादा तिच्याजवळ राहणार आहे, त्यामुळे काळजी नाही.

बोका हल्ली रोज मला सरावाला त्याच्या गाडीतून नेतो. एकट्याला गाडी चालवायचा कंटाळा येतो म्हणे. गेल्या आठवड्यात मी दोनदा चुकून जुन्या मैदानाकडे गेलो होतो त्यावरून तो मला चिडवतो. अरे, पहिली दोन वर्षं सराव तिथेच होता, पाय आपोआप वळतात.

२४ नोव्हेंबर

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे. आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही. परदेशात आहे म्हणून काय मेलोय का मी? दादाला फोन करून वाट्टेल ते बोललो. तो म्हणाला, अरे, तूच तर आईशी बोललास, भीती वाटते का विचारलंस. मी म्हटलं, उगाच माझ्या तोंडात शब्द घालू नकोस. बायकोही त्याचीच री ओढते. सगळ्यांनी मिळून मला वेडा ठरवायचं घेतलंय.

मग बायकोने हळूच विचारलं, डॉक्टरांना दाखवलंस का. कशाला दाखवू? वीस मॅच भरल्या की मग दाखवीन हवं तर.

७ डिसेंबर

हरलो, तेही कॉर्नरवरच्या गोलने. ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर कागद लावलेला असतो, कॉर्नरला कुणी कुणाला धरायचं त्याचा. मी माझा माणूस बरोबर धरला होता. गोल मारला तो खांबाचा माणूस. खांब म्हणजे माझ्या शेजारचा डिफेंडर, उंचीला साजेसा आणि अकलेलाही. मी सगळ्यांसमोर त्याची बिनपाण्याने केली. तो बिचारा ऐकून घेत राहिला. नंतर बोक्याने मला बाजूला घेऊन कागद दाखवला. मी धरलेला माणूस मागच्या मॅचच्या कागदावरचा होता. म्हणजे जर्सीचा नंबर तोच, क्लब वेगळा. आज गोल मारणारा माझ्याच वाट्याचा होता.

हे मात्र खरं की मला वाईट वाटलं. खांबाची माफी मागायला हवी होती. उद्या मागतो.

१२ जानेवारी

सरावात एक साधा चेंडू डोक्याने काढला. पोर मारेल इतका साधा. आणि मी खालीच बसलो. स्वच्छतागृहात जाऊन उलटी केली, नळ मोठा सोडून. बोका दाराबाहेर उभा होता. त्याने टॉवेल दिला.

गाडीत मात्र म्हणाला, बास कर आता. मी म्हटलं, तूच तर शिकवलंस. तर त्याने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला. त्याला काय झालं ते मला कळेना. त्याच्या पाठीवर थाप मारली.

चिंगीला कोचच्या दाताची गोष्ट सांगितली. पोर इतकी हुशार झालीय की लाइन्समन यायच्या आधीच हसायला लागते. मागून बायकोचा आवाज आला, हस गं, बाबा सांगतायत ना. तिला काय सांगावं लागतं हसायला?

२२ फेब्रुवारी

वीस झाल्या! शेवटची दहा मिनिटं तर मी घड्याळाकडे बघतच खेळलो. करार वाढला. माझा दलाल, म्हणजे एजंट, फोनवर स्वतःच टाळ्या वाजवत होता. बायकोला सांगितलं. वाटलं होतं रडेल, हसेल. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, शाळेला सुट्टी लागतेय, आम्ही दोघी दहा दिवस येतो, आधी तुला बघू दे.

आधी मला बघू दे, म्हणजे काय? मी काय विकायला ठेवलेला बैल आहे? पण येतायत हे महत्त्वाचं. घर पुसून काढलं. दुसऱ्या खोलीत चिंगीसाठी गादी टाकली.

९ मार्च

दोघी आल्या त्याला आठवडा झाला. लिहायला सवड मिळाली नाही, मिळाली असती तरी लिहिलं नसतं. सुखात माणूस लिहीत नाही. बायको दिवसभर माझ्याकडे बघत असते. मी चहात साखर किती घालतो, कपाट उघडून कशाकडे बघत उभा राहतो, सगळं. म्हटलं, अगं मी पळून जात नाहीये. म्हणाली, तेच बघतेय.

चिंगीचे पुढचे दोन दात पडलेत. बोलताना शिट्टी वाजते. रात्री ती माझा अंगठा धरून झोपते, तीन वर्षांची असताना धरायची तसाच.

११ मार्च

हे लिहायलाच हवं.

काल दुपारी चिंगीला मैदान दाखवायला नेलं. मॅच नव्हती, सगळं रिकामं. तिला आमच्या बाकावर बसवलं आणि म्हटलं, इथेच थांब, तुला चेंडू आणून देतो. सामानाच्या खोलीकडे गेलो. पुढचं मला असं आठवतं की मी घरी आलो, कोट खुंटीला लावला आणि चहाचं पाणी ठेवलं. बायको आतून आली. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे दाराकडे बघितलं.

"चिंगी कुठाय?"

"शाळेत नाही का गेली?"

मी अगदी सहज म्हणालो. हेच मला सोसवत नाही. काहीतरी चुकलंय असं मला वाटलंसुद्धा नाही. माझ्या डोक्यात ती घरी होती, आपल्या घरी, आणि दुपार होती, म्हणजे शाळेत. मी वर विचारलं, तू चहा घेणार का.

बायको चपला न घालता धावली. मी मागे धावलो, कशासाठी ते अर्ध्या रस्त्यात आठवलं. मैदानाचं फाटक माळ्याने बंद करायला घेतलं होतं. चिंगी बाकावरच बसली होती. अंधारायला लागलं होतं, तिची पँट ओली झाली होती. माळी तिला उठवत होता तर ती त्याला पुन्हा पुन्हा सांगत होती की बाबा म्हणाले इथेच थांब. त्याला तिची भाषा येत नव्हती. तिने मला बघितलं आणि विचारलं, "बाबा, चेंडू मिळाला?"

बायकोने तिला उचललं. सात वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन ती घरापर्यंत चालली. मी घेऊ का म्हणून विचारलं तर मानेनेच नको म्हणाली. रस्ता ओलांडताना चिंगीने माझ्याकडे हात पुढे केला, बायकोने तो आपल्या हातात घेतला.

१३ मार्च

आज सकाळी दोघी गेल्या. निघताना बायकोने एवढंच सांगितलं, डॉक्टरकडे जा, सगळं खरं सांग, खेळणं थांबव आणि घरी ये. करार गेला तर जाऊ दे. "मला तू हवायस. पण असा तू आणि ती, एका घरात मी दोघांवर नजर नाही ठेवू शकत." ती चिडली असती तर बरं झालं असतं.

१४ मार्च

डॉक्टरबाईंकडे गेलो, आपल्या पायांनी. डोकं दुखतं, विसरायला होतं, उजेड खुपतो, सगळं सांगितलं. मुलीचं नाही सांगितलं, जीभ वळली नाही. त्यांनी परीक्षा घेतली. आयुष्यात कुठल्या परीक्षेला बसलो नसेन इतक्या जिवाच्या आकांताने बसलो. शब्द आले की ओठांनी घोकत होतो, दिव्याकडे डोळे फाडून बघत होतो. एकही शब्द गाळायचा नाही, सगळे सांगायचे. घाम फुटला.

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवून दाखवलं. जुलैतल्या मार्कांइतकेच मार्क. एक जास्तच. मागे मार लागला तेव्हा काढलेल्या डोक्याच्या स्कॅनमध्येही काही नाही म्हणाल्या. दमला असाल, घरची आठवण येत असेल, दोन दिवस आराम करा, शनिवारी खेळायला हरकत नाही.

मी त्या आकड्यांकडे बघत बसलो. जुलैत जितकं मुद्दाम विसरलो होतो, तितकंच आज मनापासून विसरलो. तेव्हा सोंग होतं, आज सगळा जीव लावून तिथवरच पोचलो. खुर्ची धरून उठावं लागलं. बोलायचं होतं, बाई, जुलैची परीक्षा खोटी आहे. पण ते सांगितलं की खोटी माहिती दिली म्हणून करार जागच्या जागी रद्द, आणि पाठोपाठ बोक्याची चौकशी, मग आणखी कुणाकुणाची. मूग गिळून बाहेर आलो.

घरी येऊन ठरवलं. सोमवारी सांगतो. शनिवारची मॅच हरलो तर क्लब खालच्या गटात जातो, आणि खांब दोन मॅच निलंबित आहे, मागे धड माणूस नाही. एक मॅच. आणि खरं सांगू का, ही माझी शेवटची आहे हे माहीत असून मला एकदा खेळायचंय. बारा वर्षं लोकांचे चेंडू परतवले, निरोपाची एक मॅच मागायला काय झालं? सोमवारी सगळं सांगतो आणि सामान बांधतो.

१५ मार्च

बायकोला फोनवर सोमवारचं सांगितलं. ती म्हणाली, आजच का नाही. मी म्हटलं, तुझी शपथ, सोमवारी नक्की. तिने चिंगीकडे फोन दिला नाही, झोपलीय म्हणाली.

बोक्यालाही सांगितलं. तुझं नाव घेणार नाही म्हटलं. तर तो म्हणाला, घे नाव, पण शनिवारी खेळू नकोस. मी हसण्यावारी नेलं. गोल तू अडव, बाकीचं मी बघतो म्हटलं.

२० मार्च

कालच घरी सोडलं. दोन-तीन दिवस रुग्णालयात होतो म्हणे. मॅचमध्ये डोक्याला जरा लागलं, टाके पडलेत. आता ठीक आहे. अक्षर वाकडं येतंय, उजवा हात जड वाटतो.

मॅच जिंकली असं सगळे सांगतात, पण कुणाचा चेहरा जिंकल्यासारखा नाही. बोका सकाळपासून इथेच आहे. सोफ्यावर बसून रडतो. हा एवढा दांडगा माणूस, मला हसू आलं. विचारलं, काय रे, घरी काही झालं का. म्हणतो, मी सगळं सांगितलं त्यांना, डॉक्टरांना, सगळं. काय सांगितलं कोण जाणे. डॉक्टरबाईही येऊन गेल्या, माझा हात धरून बसल्या, परीक्षाबिरीक्षा काही घेतली नाही. मी म्हटलं, घ्या की, पुढच्या आठवड्यात मॅच आहे.

बाकी घरात कुणीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. दुसऱ्या खोलीत गादी टाकलेली आहे आणि बेसिनवरच्या पेल्यात एक लहान मुलाचा ब्रश आहे. गुलाबी. बोक्याला विचारलं, तुझ्याकडचं कुणी पोरगं आलं होतं का. त्याने मान फिरवली.

पण चांगली बातमी ही की उद्या बायको येतेय. चार वर्षांत पहिल्यांदा! वीस मॅच झाल्या ना, करार वाढला, आता इथेच राहायचं. फक्त चिंगीला आणत नाहीये, दादाकडे ठेवतेय. मला काही समजेना. ज्या पोरीसाठी हा सगळा आटापिटा केला तिलाच मागे ठेवायचं? मी लगेच फोन लावला. म्हटलं, अगं, तिला घेऊनच ये. तिला मैदान दाखवतो. आमच्या बाकावर बसवतो, तिथून सगळं दिसतं. मी तिला एक क्षण नजरेआड होऊ देणार नाही.

मला वाटलं फोन कटला, म्हणून मी दोनदा विचारलं, ऐकू येतंय का.